चहा होईपर्यंत थांब

गड्ड्याची यात्रा यंदाही हुकली. माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं. संक्रांत म्हटली की सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, अक्षता आणि होम मैदानावरचे पाळणे, हे लहानपणापासून ठरलेलं. लग्न होऊन नान्नजच्या अलीकडच्या या माळावर आले, तेव्हापासून संक्रांत म्हणजे शेळ्या व्यायचे दिवस: बॅटरी, जुने टॉवेल आणि टिंचर आयोडीनची बाटली. पोरगी रुसून बसली, तिला मामाबरोबर पाठवून दिलं. मी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गोठ्यात.

चूक माझीच. बोकड सोडायची तारीख लक्षात राहावी म्हणून मी १५ ऑगस्ट धरली. शाळेत झेंडावंदन झालं की घरी येऊन बोकड कळपात. शेळीचे दिवस साधारण १५०, चार-पाच इकडंतिकडं. कॅलेंडरवर मोजून बघा, १२ जानेवारी येतो. बरोबर गड्ड्याच्या तोंडावर. दरवर्षी म्हणते, पुढच्या वेळी तारीख बदलायची. पण जानेवारीत तुरीचं भुसकट ताजं असतं, पाठोपाठ कडबा निघतो, आणि एप्रिलचं ऊन तापायच्या आत करडं चाऱ्याला तोंड लावतात. त्यामुळं आत्या तारीख बदलू देत नाहीत. "देव काय पळून जातोय का? हात जोड इथनंच."

आमच्या १४ शेळ्या. नऊ उस्मानाबादी, पाच सानेनच्या संकराच्या. उस्मानाबादी दिवसाला लिटरभर देते, संकराची दोन-अडीच. बोकड सांगोला तालुक्यातल्या महूदचा, शेळी-मेंढी महामंडळाच्या फार्मवरनं आणलेला. (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच. तिला कुणी विचारलं नाही.) यंदा १४ जणींची मिळून २६ करडं झाली: चौघींना एकेक, आठजणींना जुळी आणि दोघींना चक्क तिळी. त्यातली २४ आहेत. दोन गेली, त्यातलं एक पोटातच गेलेलं होतं. दुसऱ्याचं सांगते पुढं.

आधी हे सांगते की मी व्यायच्या बाबतीत फार उतावळी आहे. पहिल्या वर्षी तर मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून अर्धी डॉक्टर झाले होते. शेळी कोपऱ्यात गेली, पुढच्या पायानं जमीन खरवडायला लागली, शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या शिरा बोटाला लागेनाशा झाल्या, कास तटतटली, की मी हातमोजे चढवून तयार. आत्या दारातल्या दगडावर बसलेल्या. त्यांच्या हातात घड्याळ नाही. त्यांचं माप वेगळं: "चहा ठेव." चहा ठेवायचा, उकळायचा, गाळायचा, दोघींनी निवांत प्यायचा, कप विसळून पालथे घालायचे. तोवर शेळीकडं जायचं नाही. एकदा मी मुद्दाम वेळ लावून बघितली, पंचवीस-तीस मिनिटं होतात. डॉक्टरही तेच सांगतात: जोराच्या कळा सुरू झाल्यावर अर्धा तास पुढं काहीच सरकलं नाही, तरच हात घालून बघा. आत्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग डॉक्टरला पण चहा आवडत असंल."

बहुतेक वेळा चहा संपायच्या आत काम झालेलं असतं. आधी पाणमोट दिसते, मग दोन खुरं, तळवे जमिनीकडं, आणि त्यावर टेकलेलं नाक. विहिरीत सूर मारताना पोरं हात पुढं घेतात ना, तसं. एवढं दिसलं की मी लांब. शेळी करडाला चाटायला लागते आणि घशातनं एक बारीक, खोल आवाज काढते. एरवी वर्षभर ती तसली हाक कुणाला मारत नाही.

बांडी शेळीची रात्र वेगळी होती. १४ तारखेची रात्र, अक्षता होऊन गेलेल्या, शेजारच्या शेतात हुरड्याची मंडळी अजून शेकत बसलेली. बांडीला कळा येत होत्या. आत्यांनी चहा ठेवायला सांगितला, आम्ही प्यायलो. दोन खुरं बाहेर आलेली, नाक नाही. कप विसळून आले, तरी नाक नाही. आत्या उठल्या, बॅटरी धरली, बघितलं आणि म्हणाल्या, "मान मुरडलीया. आता तुझा हात."

त्यांचा हात चालत नाही, संधिवातानं बोटं वाकडी झालीत. माझा हात लहान. बांगड्या काढल्या, नखं कापलेलीच होती, साबणानं कोपरापर्यंत धुतला, लांब हातमोजा घातला, त्यावर गोडेतेल. हातमोज्याबद्दल मी हट्टी आहे. ब्रुसेलोसिस हा शेळीचा रोग व्याल्यावर पडणाऱ्या वारेतनं आणि व्यायच्या पाण्यातनं माणसाला लागतो. आत्यांनी आयुष्यभर उघड्या हातानं केलं आणि त्यांना काही झालं नाही, हे त्या मला दर हंगामात ऐकवतात. मी दर हंगामात हातमोजाच घालते.

आत गेल्यावर डोळे मिटले तरी चालतं, सगळं बोटांनीच बघायचं. एक पाय, दुसरा पाय, दोन्ही एकाच करडाचे आहेत का हे खांद्यापर्यंत चाचपून बघितलं, कारण जुळ्यांमध्ये कधीकधी दोघांचा एकेक पाय पुढं आलेला असतो आणि ओढलं तर संपलंच. छाती लागली, आणि मान डावीकडं बरगडीकडं वळलेली. कळ आली की बांडी माझं मनगट आवळायची. तेव्हा हात नुसता धरून थांबायचं. कळ ओसरली की करडू हळूच मागं सारायचं, जबड्याखाली बोट घालून तोंड फिरवायचं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा नाक वाटेवर आलं. आत्या बांडीच्या डोक्याशी बसून तिच्या कानात काहीतरी बोलत होत्या. मला ऐकू आलं नाही, बहुतेक कानडीत होतं. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, घाबरल्या की त्या कानडीत जातात. पुढच्या कळेला मी खालच्या बाजूला, तिच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेनं, अंग न हिसडता ओढलं आणि करडू टॉवेलवर आलं. पाट, म्हणजे मादी. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका.

टॉवेल म्हणजे आमचे खास. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते. विणताना दोष राहिलेला माल तिथं किलोवर मिळतो. करडाचं अंग कोरडं करायला सोलापुरी टेरी टॉवेलसारखं काही नाही. फाटक्या चादरीचे तुकडे कापून मी करडांना झंपर पण शिवलेत. मोराची नक्षी पाठीवर येते. गल्लीतली पोरं बघायला येतात.

आता त्या दुसऱ्या करडाचं. चांदी नावाच्या शेळीच्या तिळ्यातलं तिसरं, मुठीएवढं. मी बाकी दोघांत गुंतले आणि हे भिंतीकडं ओलं पडून राहिलं. तोंडात बोट घातलं तर गार. खरं तर मला माहीत होतं. शेळीचं अंग १०२-१०३ डिग्री असतं, गारठलेल्या करडाच्या पोटात चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, घालायचा नसतो, आधी ऊब. ओढायची ताकद नसलेल्या तोंडात दूध ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. सगळं माहीत असून मी चमच्यानं पाजलं, कारण रिकाम्या पोटी कसं ठेवू असं वाटलं. आत्या तेव्हा झोपल्या होत्या, चहा ठेव म्हणणारं कुणी नव्हतं. सकाळी ते गेलं. तिसऱ्या दिवशी दुसरं एक असंच गार पडलं, तेव्हा ते घमेल्यातल्या कोमट पाण्यात मानेपर्यंत धरलं, पुसलं, गरम पाण्याच्या दोन बाटल्यांमध्ये टॉवेलात गुंडाळून ठेवलं. तासाभरानं माझं बोट चोखायला लागलं. मग चीक. ते आज गव्हाणीवर चढून उड्या मारतंय.

चिकाची एक गोष्ट राहिली. पहिल्या काही तासांत पोटात गेला तरच त्याचा खरा उपयोग. आईनं घेतलेल्या लसीचं बळ करडाला त्यातनंच मिळतं, म्हणून आंत्रविषाराची लस आम्ही व्यायच्या महिनाभर आधी टोचून घेतो. जास्तीचा चीक मी फ्रीजरमध्ये साठवते. एकदा घाईत पातेल्यात घालून थेट गॅसवर तापवला. व्हायचं तेच झालं, घट्ट वडी. करडू उपाशी आणि आम्ही खरवस खाल्ला. वेलदोडा नव्हता, तरी चांगला लागला. आता कोमट पाण्यातच पिशवी बुडवते.

वार पडायला बारा तास लागले तरी ओढायची नाही, आणि पडली की लगेच खोल पुरायची. इथं माळावर लांडगे आहेत. वास लागला तर कुंपणापर्यंत येतात. गेल्या महिन्यात वस्तीवरच्या एकाचं करडू उचललं. तो चिडला, साहजिक आहे. पण आत्या म्हणतात लांडग्याला दोष देऊन उपयोग नाही, आपण दार लावायचं. त्या पुरलेल्या जागेवर दगड ठेवतात, वर पाय देऊन बघतात.

२४ मध्ये १३ बोकड. पाटी ठेवणार, बोकड मोठे झाले की सांगोल्याच्या बाजारात. पोरीला हे माहीत आहे. ती बोकडांना नावं ठेवत नाही, फक्त पाटींना. हे तिचं तिनंच ठरवलं.

दूध आता वाढतंय. हे सकाळी गाडीवरनं शहरात नेतात, ८० रुपये लिटर. डेंगीच्या दिवसांत लोक बाटल्या घेऊन दारात येतात, प्लेटलेट वाढतात म्हणून. त्याला पुरावा नाही, मी तसं सांगते, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ते म्हणतात, द्या तरी. देते, पण आधी दवाखान्यात जा म्हणून सांगते.

सगळ्या झाल्या म्हणाले खरी, पण शेजारच्या काकूंची एक पहिलारू आमच्याकडं आणून बांधलीय, त्यांना जमत नाही म्हणून. आत्ता हे लिहितेय तर ती कोपऱ्यात उभी राहून जमीन खरवडतेय. मी हातमोजे शोधायला उठले.

"बस की गप," आत्या म्हणाल्या. "आधी चहा ठेव. आलं टाक थोडं."