सुगम संगीताच्या कार्यक्रमासाठी म्यूट ग्रुप आणि गेन: नवी मांडणी

आमच्या हौशी मंडळाच्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत म्यूट ग्रुपची (एका बटणाने अनेक चॅनेल एकदम बंद-चालू करण्याची सोय) मांडणी बरेच दिवस बदलत होतो. आता ती हाताला बसली आहे, म्हणून ही नोंद.

सेटअप जुनाच. बेहरिंगर एक्सआर१८ हा डिजिटल मिक्सर, बाहेरचा राऊटर, टॅबलेटवरून मिक्सिंग. स्टेजवर दोन गायक, तिघांचा कोरस, निवेदक, तबल्याला दोन माइक, ढोलकीला दोन, साइड ऱ्हिदमला एक, शिवाय हार्मोनियम आणि बासरी. असे १३ माइक झाले. स्टिरिओ कीबोर्ड (दोन चॅनेल) आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा लाइनने, म्हणजे माइकशिवाय थेट केबलने येतात, तेवढ्यात १६ चॅनेल भरतात. मध्यंतरातलं संगीत १७-१८ वर. या मिक्सरला म्यूट ग्रुप चारच आहेत, त्यामुळे ते कशासाठी खर्च करायचे याचा विचार करावाच लागतो.

आधी माझे ग्रुप वाद्यांच्या जातीप्रमाणे होते: तालवाद्यं एक, सूरवाद्यं दुसरा, आवाज तिसरा. कागदावर छान दिसतं, पण कार्यक्रमात तबला बंद आणि हार्मोनियम चालू अशी वेळ येतेच कुठे? कार्यक्रमात घडतं ते असं: निवेदन सुरू होतं, निवेदन संपतं, कोरस नसलेलं गाणं येतं, मध्यंतर होतं. म्हणून आता ग्रुप या घटनांप्रमाणे केले. पहिल्यात स्टेजवरची सगळी वाद्यं, दुसऱ्यात दोन्ही गायक, तिसऱ्यात कोरस, चौथ्यात रिव्हर्ब आणि डिले. निवेदक कुठल्याच ग्रुपमध्ये नाही. एक चॅनेल एकाच ग्रुपमध्ये ठेवायचा, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. एक चॅनेल दोन ग्रुपमध्ये असला की तो नक्की कधी उघडेल हे मिक्सरगणिक बदलतं, आणि कार्यक्रम चालू असताना ते आठवत बसायला वेळ नसतो. मध्यंतर झालं की पहिले तीन दाबायचे, एवढंच.

पहिल्या ग्रुपचं खरं काम निवेदनाच्या वेळी दिसतं. पुढच्या गाण्याची पट्टी वेगळी असते, त्यामुळे निवेदक बोलायला लागला की तबलजी हातोडी घेऊन तबला लावायला बसतो. गट्ट्यावरची ठकठक, चाटेवर बोट मारून सूर बघणं, हे सगळं कवितेच्या ओळींमधून हॉलभर जायचं. आता पहिला ग्रुप बंद असला की तो निवांत तबला लावतो. मात्र तानपुरा या ग्रुपमध्ये घ्यायचा नाही! बहुतेक मिक्सरवर म्यूट केलं की प्री-फेडर मॉनिटरलाही (फेडर, म्हणजे पातळीची सरकपट्टी, तिच्या आधी सिग्नल घेऊन वादकांना ऐकवणाऱ्या स्पीकरलाही) आवाज जात नाही, आणि तबलजीला सूर हवाच असतो. म्हणून तानपुरा मोकळा ठेवतो आणि निवेदनापुरता फक्त मेनमधला (हॉलच्या स्पीकरचा) त्याचा फेडर खाली घेतो. फेडर खाली आला तरी प्री-फेडर मॉनिटर चालू राहतो. म्यूट आणि फेडर यांतला हा फरक आपापल्या मिक्सरवर एकदा रिकाम्या हॉलमध्ये करून बघाच.

दुसरा फायदा शिट्टीचा, म्हणजे फीडबॅकचा. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की फीडबॅक येण्याआधीची आपली जागा साधारण ३ डेसिबलने कमी होते. सगळ्या माइकची पातळी सारखी धरली, तर १३ उघड्या माइकऐवजी एकटा निवेदकाचा माइक ठेवल्यावर सुमारे ११ डेसिबलची सूट मिळते. प्रत्यक्षात तबला-ढोलकीचे गेन (माइकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते) कमी असतात, त्यामुळे एवढी मिळत नाही. पण हळू बोलणाऱ्या निवेदकाला वर घेताना फरक स्पष्ट जाणवतो.

आता गेन. पहिला ग्रुप उघडला की नऊ चॅनेल एकदम जिवंत होतात, आणि ते बरोबर पातळीवरच यायला हवेत. आवाजासाठी मी सरासरी उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल पातळीचं माप, शून्य म्हणजे कमाल) आसपास ठेवतो आणि तार सप्तकातली जोरकस जागा उणे ८ पर्यंत जाऊ देतो. शून्याच्या वर डिजिटलमध्ये जागाच नाही, आवाज फाटतो. गेन असा बसला की गायकांचे फेडर शून्याच्या जवळपास राहतात. तिथे बोटभर हलवलं तर एक-दोन डेसिबलचा फरक पडतो. फेडर तळाशी असेल तर तेवढ्याच हालचालीत दहाचा पडतो.

ढोलकीचं प्रकरण वेगळं. साउंड चेकला ढोलकीवाले हात राखून वाजवतात आणि लावणी सुरू झाली की मीटर लाल होतो. म्हणून मी सरळ सांगतो, "दादा, लावणीचा शेवटचा तुकडा वाजवा, पूर्ण जोरात." त्यावर उणे १० शिखर धरून गेन लावतो आणि नंतर हात लावत नाही. मेन, मॉनिटर, इफेक्ट सगळं गेनच्या पुढे आहे. मध्येच गेन वाढवला तर वादकाच्या कानाशीच शिट्टी वाजते.

माझे चॅनेल मीटर फेडरच्या आधीचे लावलेले आहेत, त्यामुळे म्यूट असतानाही सिग्नल दिसतो. बासरीवाल्याने फुंक मारली की मीटरची पट्टी हलते, म्हणजे केबल ठीक आहे. ग्रुप उघडण्याआधी हे एकदा नजरेखालून घालतो. कधी उघडायचं हे निवेदकाच्या संहितेवरून ठरतं. शेवटच्या वाक्याखाली खूण असते आणि तिथे आधी गायकांचा ग्रुप उघडतो, कारण काही गाणी थेट आलापाने सुरू होतात. वाद्यं त्याच्या मागोमाग.

चौथ्या ग्रुपबद्दल एकच गोष्ट. इफेक्टचा रिटर्न (इफेक्टमधून परत येणारा आवाज) नव्हे, सेंड (इफेक्टकडे जाणारा आवाज) म्यूट करा. रिटर्न बंद केला तर गाण्याचा शेवटचा सूर कात्रीने कापल्यासारखा तुटतो. सेंड बंद केला तर रिव्हर्बची शेपटी आपली विरते, आणि निवेदकाचं पहिलं वाक्य कोरडं, स्वच्छ येतं.

पुढच्या वेळी परिसंवाद आहे. टेबलावर पाच माइक असतील आणि मध्येच कोणीही बोलेल, तिथे म्यूट ग्रुप पुरा पडत नाही. एक्सआर१८ मध्ये डॅन डुगन यांच्या धर्तीचा ऑटोमिक्स आहे. बोलणाऱ्याच्या माइकला वाटा जास्त देऊन एकूण गेन तो एका माइकएवढाच राखतो. तालमीच्या हॉलमध्ये तो लावून बघणार आहे. कोणी मराठी परिसंवादात वापरला असेल तर वक्ते एकमेकांच्या बोलण्यात बोलतात तेव्हा कसा वागतो, ते जरूर सांगा.