पदरावरचा डाग

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी विनोदी, सचित्र रहस्यकथा तयार करणे हे माझे काम असल्याने छपाईपूर्वी पुस्तकाची कच्ची प्रत मुलांपुढे ठेवण्याचा शिरस्ता मी पाळते. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी इंदूरला, राजवाड्याजवळच्या एका घरी, त्यासाठी आठ मुले जमली होती. छपाईच्या भाषेत 16 पानांचे दोन फॉर्म, म्हणजे 32 पानांची गोष्ट होती: गुळाची ढेप रोज थोडी थोडी कमी होते आणि बंडू गुप्तहेर भिंग उलटे धरून मुंग्यांचा माग काढत निघतो.

ही मुले घरी मराठी बोलतात, पण शाळेत हिंदी शिकतात, आणि त्या वर्णमालेत ‘ळ’ भेटत नाही. त्यामुळे ‘गूळ’ या शब्दापाशी प्रत्येक जण अडखळत होता. (चोरीची वस्तू निदान वाचायला सोपी असावी, हे मला आधी सुचले नव्हते.) चोर होते आजोबा, आणि त्याचा धागा मी ‘आजोबांनी पुन्हा हात धुतले’ या वाक्यात मोठ्या हौसेने दडवला होता. ते वाक्य कोणाच्याही लक्षात राहिले नाही. अक्षरे जुळवण्यातच ज्याची सगळी शक्ती खर्च होते, तो वाक्य मनात जपून ठेवणार कधी? त्याची नजर आधी चित्राकडे जाते.

तशी ती एका दुसरीतल्या मुलीचीही गेली. ‘ळ’ला सर्वांत जास्त अडखळणारी तीच होती. अकराव्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, “काकू, चोर आजी आहे न! पदराला गूल लागला आहे.” तो गूळ नव्हता; मुंग्या रंगवताना आमच्या चित्रकाराच्या कुंचल्यातून निसटलेला तपकिरी थेंब होता. मी तसे सांगणार, इतक्यात तिने हेतूही मांडला: “माझ्या आजीला शुगर आहे. ती पण लपून खाते.”

माझ्या गोष्टीतल्या आजोबांपाशी चोरीला असे काही कारणच नव्हते! मी तिथल्या तिथे हात धुण्याचे वाक्य खोडले आणि सातव्या पानापासूनच पदरावर डाग काढावा, अशी नोंद चित्रकारासाठी केली.

संध्याकाळी त्या मुलीला न्यायला तिची आजीच आली. “कसली गोष्ट होती ग?” तिने विचारले.

“मुंग्यांची,” मुलीने सांगितले आणि प्रत हळूच माझ्याकडे सरकवली.