पहिलं जाळं कुणाचं?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. कोल्हापुरातल्या आमच्या कार्यालयातून मला भुदरगड तालुक्यातल्या एका गावी धाडलं. तलावात पावसाळ्यात चोरून मासेमारी होते, त्याबद्दल ग्रामस्थांचं 'प्रबोधन' करायचं होतं. आदेशात हा शब्द दिसला की माझं डोकं जरा सटकतं. समोरच्याला काही कळत नाही, असं त्यात आधीच धरून चाललेलं असतं.

खरं तर कळायचं काय राहिलंय? पहिल्या पावसानं ओढा वाहायला लागला की पोटात गाबोळी असलेले मासे उलटे वर चढतात. तेव्हा ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावलं की पाट्याच्या पाट्या भरतात, आणि पुढच्या सालची पैदास तिथंच संपते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून ठरवलं, गाबोळीवर बोलायचंच नाही. लांबच्या बेटांवरच्या रिवाजांच्या गोष्टी सांगायच्या. लॅपटॉपवर चित्रंही घेतली होती. देवळाच्या मंडपात पोचले तर लाईट नाही. मग नुसतं तोंडानं.

इंडोनेशियात मालुकू बेटांवर 'सासी' म्हणतात, ते सांगितलं. एखादी वस्तू ठरावीक काळ कुणी काढायची नाही, मग ते नारळ असोत, मासे असोत, नाहीतर समुद्रातले शिंपले. खूण काय, तर खांबाला बांधलेली नारळाची कोवळी झावळी.

"झावळीला कोण भितंय ओ मॅडम?" मागनं आवाज आला. मंडप हसला.

मी मालुकूतल्याच हारुकू बेटावर आले. तिथं लोम्पा नावाचा बारका मासा दिवसा नदीत राहतो, रात्री चरायला समुद्रात जातो. त्याची पिल्लं किनाऱ्याजवळ दिसायला लागली की सासी लागते. राखण करायला गावचेच 'केवांग' असतात, दंड तेच करतात. १९८५ साली या केवांगांना त्यांच्या देशाचा पर्यावरणाचा मोठा पुरस्कार मिळाला. मग प्रशांत महासागरातल्या पलाऊ या छोट्या देशाचं सांगितलं. तिथं अशा बंदीला 'बुल' म्हणतात. १९९४ साली उत्तरेकडच्या दोन भागांतल्या पारंपरिक प्रमुखांनी प्रवाळातल्या पाण्याच्या आठ वाटा एप्रिल ते जुलै मासेमारीला बंद केल्या, कारण मासे अंडी घालायला तिथंच जमतात. पुढं २०१५ साली त्या देशानं कायदा करून आपल्या सागरी हद्दीचा ८० टक्के भाग व्यापारी मासेमारीला बंद करायचं ठरवलं, आणि २०२० पासून तो लागू झाला.

आकडे सांगताना मंडप पेंगत होता. खांबाला टेकून बसलेल्या एक भोईणमावशी तेवढ्या जाग्या होत्या. बाजारात मासे विकून त्यांचे हात खरबरीत झालेले.

"बंद केल्यालं कळलं बाई. उघडल्यावर पयलं जाळं कुणाचं?"

हारुकूत उघडायच्या दिवशी ढोल वाजतो, सगळा गाव नदीवर जमतो आणि सगळेच मासे धरतात, असं मी सांगितलं.

"आणि आमचं?" मावशी म्हणाल्या. "पावसात आमी गप बसायचं, आणि उन्हाळ्यात भायरचा व्यापारी टेम्पो घिऊन येनार. मग रातचं कोन जानार न्हाई?"

कुणी हसलं नाही. तलावाचा ठेका गावातल्या संस्थेच्या नावावर, पण मासा काढायचा हक्क परस्पर बाहेरच्याला विकलेला, हे माझ्या फायलीत कुठंच नव्हतं. पदाधिकारी चप्पल शोधायला लागले. मला मात्र मालुकूचीच आणखी एक गोष्ट आठवली, जी मी चित्रांमधून सोयीस्करपणे वगळली होती. तिथल्याही काही गावांत काढणीचा हक्क लिलावात व्यापाऱ्याला गेला आणि लोकांनी सासी मानायची सोडली. मी ती तेव्हाच सांगून टाकली. प्रबोधनाचा बोजवाराच उडाला म्हणा, पण त्यानंतरची दोन तासांची भांडणं मी नोकरीत ऐकलेली सगळ्यात कामाची होती.

शेवटी ठरलं: जून ते ऑगस्ट ओढ्याच्या तोंडाला कुणी जाळं लावायचं नाही, आणि उन्हाळ्यात पहिले आठ दिवस गावातल्यांचीच जाळी पडतील. आमच्या छापील नमुन्यात असल्या कलमाला जागा नाही. मी ते शेऱ्याच्या रकान्यात बसवलं. साहेबांनी वाचून विचारलं, "हे पहिलं जाळं काय प्रकरण?" सांगितलं. त्यांनी सही केली, पण पेन्सिलीनं.

जुलैत भर पावसात पुन्हा गेले. ओढ्याच्या तोंडाशी एक मेढ रोवलेली. त्या भागात माड कुठला? आंब्याचा टाळा बांधला होता, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात चमकावी म्हणून दुधाची रिकामी पिशवी.

"कुणी येतंय का अजून?" मी मावशींना विचारलं.

"एकजन येतोय. माझाच पुतण्या हाय. त्याच्या आईला सांगितलंय."