नक्कल का सोडली

"निळूभाऊंची नक्कल इतकी हुबेहूब करायचात, सोडलीत का?" लग्नकार्यात, गणपतीत कुणी ना कुणी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आमच्या गावच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागायचा. पडद्यावर निळू फुले आले की बाया बोटं मोडायच्या. माझी आजी तर "मुडदा बशिवला मेल्याचा" असं भर तंबूत म्हणायची. मी घरी येऊन मान तिरकी करायचो, डोळे बारीक, आवाज घशात दाबलेला, आणि ते वाड्यावर बोलावणं. सगळे पोट धरून हसायचे. पुढं कॉलेजच्या गॅदरिंगला ह्याच नकलेवर दोनदा बक्षीस मिळालं.

१३ जुलै २००९ ला निळूभाऊ पुण्यात गेले. संध्याकाळी ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "होऊन जाऊ दे एकदा, श्रद्धांजली म्हणून." मी उभा राहिलो, मान तिरकी केली, आणि आवाजच फुटेना. दिवसभर बातम्यांत ऐकलेलं डोक्यात होतं. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, सेवा दलाच्या कलापथकातून रंगभूमीवर आलेला, नाव झाल्यावरही अंधश्रद्धा निर्मूलनासारख्या कामांत मनापासून उतरलेला माणूस. माझ्या नकलेत ह्यातलं काय होतं? काहीच नाही.

त्याच आठवड्यात 'सामना' आणि 'सिंहासन' पाठोपाठ पाहिले. दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याच्या जोरावर अख्खा मुलूख मुठीत ठेवणारा गडी. डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर, गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारत राहतो, आणि हिंदुराव त्यालाच घरी ठेवून पाहुणचार करतो. तो पाहुणचार बघताना माझ्या पोटात गोळा आला. एवढी भीती बसवायला आरडाओरडा लागत नाही, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

आणि पुढं १९७९ मध्ये तोच माणूस 'सिंहासन'मध्ये दिगू टिपणीस. पत्रकार. पुढारी येतात, आपापलं बोलून जातात, आणि दिगू ऐकतो. नुसतं ऐकतो हो! ऐकता ऐकता त्याचा चेहरा आतून खचत जातो, आणि शेवटी रस्त्यावर तो वेड्यासारखा हसत सुटतो. माझ्या मते मराठी पडद्यावर इतकं कमी बोलून इतकं कुणी सांगितलेलं नाही. ह्याची नक्कल करायची कशी? धरायला काही हाताशीच येत नाही.

परवा भाचा हट्टाला पेटला, "मामा, निळू फुले करून दाखव ना." मी त्याला शेजारी बसवून 'सिंहासन' लावला. अर्धा तास तो गप्प बघत होता. मग दिगूच्या चेहऱ्यावर नजर ठेवूनच त्यानं विचारलं, "मामा, ह्यात निळू फुले कधी येतात?"