एकाच बाजूची घरघर

दम्याची शिट्टी सहसा दोन्ही फुप्फुसांत वाजते. स्टेथोस्कोप उजवीकडून डावीकडे नेला आणि घरघर एकाच बाजूला, तीही दर भेटीत त्याच जागी ऐकू आली, तर पंपाचा डोस वाढवण्याआधी थांबायला हवं. तिथली श्वासाची नळी कशाने तरी अडलेली असू शकते. कर्करोग, टीबीने आकसलेली नळी, श्वासात गेलेला शेंगदाणा ही कारणं पटकन आठवतात. नळीच्या आत वाढणारी साधी, कर्करोग नसलेली गाठ इतकी विरळ, की तिचं नावच डोक्यात येत नाही. उशीर होतो तो तिथेच.

मोठ्या माणसांत अशा गाठी म्हणजे मुख्यतः हॅमार्टोमा आणि लायपोमा. हॅमार्टोमात कूर्चा, चरबी, तंतू असं नळीच्या भिंतीतलंच साहित्य असतं, फक्त अस्ताव्यस्त वाढलेलं. फुप्फुसात सर्वाधिक आढळणारी साधी गाठ हीच, पण ती बहुधा कडेच्या मांसल भागात असते. नळीच्या पोकळीत डोकावणाऱ्या थोड्याच. लायपोमा निव्वळ चरबीचा. चामखिळीसारख्या पॅपिलोमाची तऱ्हा निराळी: तो एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतो आणि काढला तरी पुन्हा पुन्हा उगवतो.

गाठ वर्षानुवर्षं हळू वाढते, मग दम अचानक का लागतो? मोठ्यांची मुख्य श्वासनलिका साधारण दीड-दोन सेंटिमीटर रुंद असते. ती ८ मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत माणूस जिने चढतो, कामं करतो. त्यानंतर चालताना धाप लागते, आणि ५ मिलिमीटरला बसल्या जागी. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध दुप्पट नव्हे, किमान १६ पट होतो. त्यात थोडा कफ साचला की रात्रीत दवाखाना गाठावा लागतो. स्टेरॉइडने भोवतालची सूज उतरते, चार दिवस बरं वाटतं, आणि ‘दमाच होता’ हा समज पक्का होतो.

पीएफटीच्या (फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीच्या) कागदावर आकड्यांपेक्षा हवेच्या वेगाचा आलेख बघा. अडथळा मुख्य श्वासनलिकेत आणि घट्ट असेल, तर आलेखाचा वरचा आणि खालचा दोन्ही भाग चपटे होतात, जणू खोकं. दम्यात उच्छ्वासाची रेघ झोळीसारखी आत वाकते. मात्र गाठ एकाच बाजूच्या श्वसनीत (मुख्य नळीच्या एका फाट्यात) असेल तर हा आकार दिसेलच असं नाही. तिथे एक साधी युक्ती आहे: एक एक्स-रे श्वास भरून, दुसरा पूर्ण सोडून. गाठ झडपेसारखी वागत असेल तर हवा आत जाते पण बाहेर पडत नाही. सोडलेल्या श्वासाच्या फिल्मवर ती बाजू काळीच राहते आणि हृदय दुसरीकडे सरकतं. नुसत्या भरल्या श्वासाचा एक्स-रे अगदी नॉर्मल असू शकतो.

सीटी एक मिलिमीटरच्या कापांचा हवा, उभ्या छेदांसकट. गाठीत उणे ४० ते उणे १२० एचयू (सीटीवर घनता मोजायचं एकक) इतकी घनता मिळाली तर ती चरबी. चरबीसोबत लाहीसारखे चुन्याचे ठिपके दिसले तर हॅमार्टोमाच समजा. कफाचा गोळा फसवतो. जोरात खोकून, पालथं झोपून पुन्हा स्कॅन केला की कफ हलतो, गाठ हलत नाही.

आपल्याकडे आणखी एक वाट चुकते. फुप्फुसाचा एक भाग बसलेला दिसला, थुंकीत काही सापडलं नाही, तरी टीबीची सहा महिन्यांची औषधं सुरू होतात. पुरावा नसताना औषधं सुरू करण्याआधी दुर्बिणीची तपासणी (ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे नळीत दुर्बीण घालून बघणं) मागा. त्या वेळी नळी धुऊन घेतलेलं पाणी सीबीनॅटला (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवायचं. टीबी असेल तर तोही तिथेच सापडण्याची संधी जास्त.

दुर्बिणीतून लायपोमा पिवळसर, गुळगुळीत, देठावर लोंबणारा दिसतो. हॅमार्टोमा टणक, चिमटा त्यावरून घसरतो आणि हाती लागतं ते फक्त वरचं निरोगी अस्तर, म्हणजे म्यूकोसा. रिपोर्ट ‘नॉर्मल म्यूकोसा’ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच जागी पुन्हा पुन्हा, खोलवर तुकडा घ्यावा लागतो. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर या आणखी एका साध्या गाठीचा धोका उलटा: त्याच्यावरचं आवरण इतकं जाड होतं, की वरवरचा तुकडा कर्करोगासारखा वाचला जातो. आणि लालबुंद, चकचकीत गाठ दिसली की कार्सिनॉइडचा विचार आधी. पूर्वी त्याला ‘ब्रॉन्कियल अडेनोमा’ म्हणून साध्या गाठींत धरत. ती साधी नाही, रक्तही बरंच येऊ शकतं.

काढताना देठ बारीक असेल तर विजेचा फास त्याच्या मुळाशी अडकवून कापतात. मुळाचा उरलेला भाग लेसरने किंवा आर्गॉन वायूतून सोडलेल्या विजेने जाळतात. अशी उष्णता वापरताना ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली हवा; नाहीतर नळीतच भडका उडतो. हा नियम भूलतज्ज्ञाशी आधी बोलून घ्यायचा, प्रोब आत गेल्यावर नाही. गोठवण्याचा उपाय इथे तोकडा पडतो, कारण चरबी आणि कूर्चा थंडीला दाद देत नाहीत. मात्र कापलेला तुकडा चिकटवून बाहेर ओढायला क्रायोप्रोब, म्हणजे गोठवणारी सळई, उत्तम. तुकडा निसटून चांगल्या बाजूच्या नळीत पडला तर दोन्ही फुप्फुसं बंद. म्हणून मोठ्या गाठीला ताठ ब्रॉन्कोस्कोप (न वाकणारी, रुंद नळीची दुर्बीण), आणि तो भूल देण्याआधीच टेबलावर जोडून तयार. रक्त आलं तर रक्ताची बाजू खाली करून झोपवायचं, म्हणजे चांगलं फुप्फुस भरत नाही.

गाठ भिंतीतून बाहेरही पसरली असेल, वरून बोराएवढी आणि आत लिंबाएवढी, तर दुर्बिणीचा उपयोग नाही, शस्त्रक्रियाच. फुप्फुसाचा भाग वर्षानुवर्षं बंद राहून आतल्या नळ्या पसरट, पूभरल्या झाल्या असतील, तर गाठ काढूनही तो भाग बरा होत नाही. मग तोही काढावा लागतो. साध्या गाठीपायी फुप्फुसाचा एक भाग जावा, याचंच फार वाईट वाटतं. लवकर कळलं असतं तर फास आणि अर्ध्या तासाचं काम होतं.

गाठ निघाल्यावर पंप आपणहून बंद करू नये. चार-सहा आठवड्यांनी पीएफटी पुन्हा करा आणि जुन्या आलेखाशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. दमा खरंच होता की नव्हता, ते तेव्हा ठरतं. मूळ रुंद असेल तर दुर्बिणीने एकदा पुन्हा बघून घ्यायला विसरू नका.