दर तासाला एक पंच

रविवार, रात्रीचे साडेनऊ

डोळे अजून चुरचुरतायत. काल सकाळी सहापासून दर तासाच्या ठोक्याला स्वतःचा एक फोटो काढायचा, आज पहाटे पाचपर्यंत, म्हणजे बरोब्बर चोवीस फोटो, असं ठरवलं होतं आणि जमले एकोणीस. एका दिवसात पाच खाडे! आणि हे त्या माणसाने एक वर्ष केलं.

तेहचिंग श्ये. कलाकार, तैवानचा, पण राहायला न्यूयॉर्कला. ११ एप्रिल १९८० ला त्याने हडसन स्ट्रीटवरच्या आपल्या स्टुडिओत कारखान्यात हजेरीसाठी असतं तसलं पंचिंग मशीन लावलं, डोक्याचा तुळतुळीत गोटा केला, कामगाराचा युनिफॉर्म चढवला आणि पुढच्या ११ एप्रिलपर्यंत दर तासाला कार्ड पंच करत राहिला, दिवसा पण आणि रात्री पण. दर पंचला मशीनशेजारी उभं राहून सोळा एमएमच्या कॅमेऱ्यावर एक फ्रेम. दिवसाच्या फ्रेम्स चोवीस आणि फिल्म पळते सेकंदाला चोवीस, म्हणजे त्याचा अख्खा दिवस एका सेकंदात संपतो आणि वर्ष सहा मिनिटांत. मी परवा ते बघितलं. माणूस तिथेच उभा, काटे गरागरा फिरतायत आणि गोट्याचे केस वाढत वाढत खांद्यापर्यंत येतात. बाकी काही नाही. पण केसांचं खोटं कसं बोलणार, ते काय एका रात्रीत वाढत नाहीत.

शरीर हेच ज्यांचं सामान असे कलाकार म्हटलं की मला आधी क्रिस बर्डन आठवायचा, ज्याने १९७१ मध्ये मित्राकडून स्वतःच्या दंडावर गोळी झाडून घेतली, नाहीतर मरीना अब्रामोविच, १९७४ ला नेपल्समध्ये टेबलावर ७२ वस्तू मांडून, त्यात ब्लेड पण होतं आणि पिस्तूल आणि गोळी पण, सहा तास लोकांपुढे नुसती उभी राहिली, माझं काय करायचं ते करा म्हणून. वाचताना पोटात गोळा येतोच, पण खरं सांगू का, मला त्यात थोडी सर्कस दिसते. माझी चूक असेल. श्येला पण तरुणपणी ती खाज होतीच म्हणा, १९७३ मध्ये तैवानला दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी टाकून दोन्ही घोटे मोडून घेतले होते. पण या घड्याळवाल्या कामात रक्त नाही, नुसती झोपमोड.

आणि झोपमोड काय असते ते मला काल कळलं. रात्रीचं सोडाच, दिवसाच जीव जातो. भाजी आणायला गेले तर निम्मं लक्ष घड्याळात, कारण जाऊन येऊन एका तासात बसलं पाहिजे, कुकर लावला की वाटतं शिट्टी आणि गजर एकदम होणार. दुपारी चारचा गेला कारण फोन पिशवीत कोथिंबिरीखाली. अकराचा काढला पण अकरा मिनिटं उशिरा, तो मी धरला नाही. रात्रीचे एक, दोन, चार झोपेत. पहाटे तीनच्या फोटोत माझा एक कान आणि पडदा आलाय फक्त. सगळे जोडून पळवले तर सेकंदसुद्धा होत नाही.

आज दुपारी जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी एकतीस वर्षं पिंपरीला शिफ्ट केल्या, कार्ड पंच करण्यात त्यांचा हात कोण धरणार. पहिला प्रश्न, "पगार कोण देत होतं त्याला?" म्हटलं कुणी नाही हो, स्वतःचाच उद्योग. "मग चार कार्डं एकदम मारली तर कोण बघणार होतं?" तर तेही त्याने करून ठेवलेलं, मशीन सील केलेलं आणि कार्डांवर साक्षीदाराची सही. "म्हणजे टाइम कीपर ठेवला होता," बाबा खूश. मग हिशोब सांगितला. वर्षाचे तास ८७६०, त्यातले चुकले १३३, त्यातले ९४ झोपेमुळे, २९ उशीर झाला म्हणून आणि १० लवकर पंच केलं म्हणून. इथे बाबांचा घास हातातच राहिला. "लवकरचे पण चूक धरले? आमच्याकडे लवकर आलेल्याला कधी कुणी विचारलं नाही!"

त्यांना एक सांगायचं राहिलं. श्ये १९७४ ला खलाशी म्हणून बोटीवरून आला आणि फिलाडेल्फियाजवळ उतरून पसार झाला, १९८८ ला माफी मिळेपर्यंत अमेरिकेत त्याचे कागदपत्रच नव्हते, भांडी घास, साफसफाई कर, असं चाललेलं. ज्याचं नाव त्या देशाच्या कुठल्याच मस्टरवर नाही त्याने स्वतःची एवढी कडक हजेरी लावावी, हे काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये.

बाबा हात धुऊन आले आणि म्हणाले, "चारचा गेला ना तुझा? मला सांगायचं, मी उठवलं असतं."

"तुम्ही जागे होतात?"

"रोजच असतो. फर्स्ट शिफ्टची बस पाचला नाक्यावर यायची ना."

रिटायर होऊन चौदा वर्षं झाली त्यांना. म्हटलं, गजर लावता की काय अजून?

"गजर कशाला?" म्हणाले आणि बडीशेप शोधायला लागले.