सागरी शब्दांची वही : ‘लीवे’ची नोंद पूर्ण

समुद्रावरून रोजच्या इंग्रजीत आलेले शब्द मी एका वहीत नोंदवतो. त्यातला ‘अलूफ’नंतर (aloof) घेतलेला ‘लीवे’ (leeway) या महिन्यात हातावेगळा झाला. ऑफिसात हा शब्द सारखा कानावर पडतो. क्लायंटने तारखेत थोडा लीवे दिला, म्हणजे मोकळीक दिली. पण ब्रिटिश इंग्रजीत ‘लीवे भरून काढणे’ असंही म्हणतात. आजारपणात शाळा बुडालेल्या मुलाला बराच लीवे भरून काढायचा असतो. एकीकडे हातात आलेली सूट, दुसरीकडे पडलेली तूट. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कुठून चिकटले, एवढा एकच प्रश्न घेऊन बसलो होतो.

‘ली’ म्हणजे मुळात आडोसा. जहाजाच्या ज्या बाजूने वारा येतो तिच्या उलट बाजूला ली म्हणतात. वारा आडवा असला की शिडाचं जहाज पुढे जातं, पण त्याच वेळी थोडं थोडं त्या बाजूला सरकतही राहतं. ही आडवी सरक म्हणजे लीवे. सतराव्या शतकापासून खलाशांच्या इंग्रजीत तो सापडतो. विल्यम फाल्कनर या खलाशी-कवीने १७६९ मध्ये काढलेल्या सागरी कोशातही त्याची नोंद आहे. त्याच वर्षी फाल्कनर ‘ऑरोरा’ जहाजातून हिंदुस्थानकडे निघाला आणि केप ऑफ गुड होप सोडल्यावर ते जहाज पुन्हा कुणाला दिसलं नाही. त्याच्या नोंदी वाचताना हे मनातून जात नाही.

सरक डोळ्यांनी बघायची होती म्हणून थर्माकोलची होडी केली, पोस्टकार्डाचं शीड लावलं आणि टबात सोडून बाजूने टेबलफॅन लावला. होडी नाकासमोर गेलीच नाही, खेकड्यासारखी तिरकी जाऊन टबाच्या कडेला टेकली. मग तळाला प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा उभा खोचला. सरक कमी झाली, थांबली मात्र नाही. जरूर करून बघा, दहा व्याख्या वाचून जे कळत नाही ते इथे कळतं.

खरा खजिना जुन्या नौकानयनाच्या ठोकताळ्यांत आहे. होकायंत्राचे ३२ भाग पाडले की एक ‘पॉइंट’ होतो, म्हणजे ११¼ अंश. सगळी शिडं उभारलेली आणि पाणी शांत असेल तर लीवे जवळजवळ शून्य धरायचा. उंचावरची टॉपगॅलंट शिडं गुंडाळली तर एक पॉइंट, त्यांच्या खालची टॉपसेल शिडं पूर्ण आखडली तर दोन, आणि वादळात नुसत्या उघड्या डोलकाठ्यांवर राहायची वेळ आली तर सात.

आता हिशेब मांडा. आडव्या परबाणांना, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या दांड्यांना, बांधलेली चौकोनी शिडं असलेलं जहाज वाऱ्याच्या दिशेपासून साधारण सहा पॉइंटांपेक्षा जवळ नाक नेऊ शकत नाही. वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेली ‘ट्रिंकोमाली’ याच जातीची. सहात दोन पॉइंटांचा लीवे मिळवला की झाले आठ, म्हणजे बरोबर काटकोन! नाक वाऱ्याकडे, शिडं ताठ, माणसं राबतायत, आणि वाऱ्याकडे प्रगती शून्य. लीवे आणखी वाढला तर जहाज चक्क मागे पडतं. म्हणून लॉगबुकात, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीत, तास, वेग, दिशा, वारा यांच्या शेजारी लीवेचाही रकाना असायचा. मागे पाण्यात उमटलेली रेघ जहाजाच्या मधल्या रेषेशी किती कोन करते ते बघून तो भरायचा. गमावलेलं अंतर पुन्हा वाऱ्याशी झगडून मिळवायचं, हेच ‘लीवे भरून काढणं’. तुटीचा अर्थ सरळ या रकान्यातून आला.

मोकळीक मात्र किनाऱ्यावरून आली असावी, असं मला वाटतं. जहाजाच्या लीच्या बाजूला किनारा असेल तर वारा त्याला तिकडेच ढकलतो. आडोशाच्या नावाची ही बाजू अशा वेळी सगळ्यात जीवघेणी ठरते. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात अख्खी कोकणपट्टी असाच किनारा होते. होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत वर ओढून ठेवतात, त्याचं हे एक मोठं कारण. अशा किनाऱ्याजवळ तांडेलाला एकच विचार : सरकायला जागा किती आहे? दोन मैल मोकळं पाणी असेल तर थोडं सरकलेलं चालतं. त्या जागेलाच लोक लीवे म्हणू लागले असतील, तर सूट हा अर्थ फार लांब राहत नाही.

जमिनीवर हे दोन्ही अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळले. आज अमेरिकेत आणि आपल्याकडे सूट जिंकली आहे, तूट ब्रिटनमध्ये तग धरून आहे. मला तूट जास्त आवडते, तिच्यात अजून जहाज दिसतं.

पुढची नोंद ‘बाय अँड लार्ज’ची (by and large, म्हणजे एकंदरीत). तिलाही वाऱ्याचे हेच कोन लागणार आहेत, त्यामुळे वरचे ठोकताळे पुसत नाही. कुणाकडे लीवेचा रकाना भरलेल्या जुन्या लॉगबुकाच्या पानाची वाचता येईल अशी प्रत असेल तर कळवा. छापील नमुने बघितलेत, हाताने भरलेलं पान बघायचं आहे.